वाटसरूची रात्र

राजांच्या स्वाऱ्या कोणत्या वाटेने गेल्या आणि त्यांच्या फौजा कोठे तळ देऊन राहिल्या, हे इतिहासकार मोठ्या कसोशीने नमूद करितात. परंतु त्याच वाटेने शतकानुशतके चालत गेलेला मिठाचा व्यापारी, गोसावी, यात्रेकरू, अथवा लेकीच्या सासरी निघालेला एखादा कुणबी रात्री कोठे पाठ टेकीत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. दिवसा मनुष्य आपल्या पायांच्या बळावर चालतो; रात्री मात्र त्यास दुसऱ्याच्या भरवशावर राहावे लागते. ज्याची कोणाशी ओळख नाही व ज्याच्या कनवटीस फारसे काही नाही, अशा परक्यास समाज रात्री कसे वागवितो, यावरून त्या समाजाची परीक्षा होते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या आधाराने ही परीक्षा करून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

हेच तालुके निवडण्याचे कारण त्यांच्या भूगोलात आहे. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. सोपारा व कल्याण या प्राचीन बंदरांत उतरलेला माल देशावर न्यावयाचा तर प्रमुख वाटा दोन: एक शहापुरावरून थळघाटाने, ज्यास आज आपण कसारा घाट म्हणतो, नाशिककडे जाते, दुसरी मुरबाड, टोकावडे, वैशाखरे अशी गावे घेत नाणेघाटाने जुन्नरकडे चढते. लादलेला बैल दिवसास पाच-सहा कोसांहून फार चालत नाही. शिवाय घाट चढावयाचा तो सकाळच्या गारव्यात. म्हणजे पायथ्याशी एक रात्र आणि माथ्यावर बहुधा दुसरी, हा हिशेब ठरलेलाच. तेव्हा या दोन तालुक्यांतून जो कोणी गेला, तो येथे एकदा तरी निजला असला पाहिजे.

नाणेघाटाच्या माथ्याजवळील सुप्रसिद्ध लेणे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाने ओळखला जाणारा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील मानला जाणारा तो ब्राह्मी लेख या लेण्याच्या भिंतींवर आहे. कर्नल साइक्स याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले, व पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच्या वाचनास आपल्या विद्वत्तेची जोड दिली. लेखात यज्ञांची व दक्षिणांची गणना आहे: हजारो गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण. समोरच्या भिंतीवर राजकुळातील स्त्रीपुरुषांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्यांची पावले व वरची नावे तेवढी उरली आहेत. अंकांच्या इतिहासात या लेखाचे महत्त्व थोर आहे, हे सर्वश्रुतच आहे. परंतु विद्वानांची दृष्टी भिंतीवर खिळल्यामुळे जमिनीकडे थोडे दुर्लक्ष झाले, असे आम्हांस वाटते. हे लेणे चैत्य नव्हे. येथे स्तूप नाही. ते घाटाच्या तोंडाशी, वाटेस लागून आहे. आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि वाटेवर तो प्रचंड दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकीत असत अशी परंपरागत समजूत आहे. राजकुळाने आपले वैभव लिहिण्यास ही जागा का निवडली असावी? कारण उघड आहे. घाट चढून दमलेला प्रत्येक मनुष्य येथे थांबणार, पाणी पिणार, आणि छायेत बसून भिंतीकडे पाहणार. राजाने आपली कीर्ती वाटसरूच्या विसाव्याच्या जागी लिहिली, यातच त्या विसाव्याचे मोल दिसून येते.

नाणेघाटाविषयी असे अनुमान करावे लागते. परंतु थळघाटाच्या वाटेविषयी आपणांस दात्याचा स्वतःचा शब्दच उपलब्ध आहे. नाशिक येथील पांडव लेण्यांत, आज दहाव्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात, शक क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील होत. त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी चौसोपी घरे बांधून वाटसरूंच्या उताऱ्याची सोय केली, असे तो सांगतो. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच, दशपूर म्हणजे माळव्यातील मंदसोर, गोवर्धन हे नाशिकजवळचे, आणि शूर्पारक म्हणजे आपले सोपारे. हे १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, आता पालघर जिल्ह्यात गेले. सोपाऱ्याहून गोवर्धनास जावयाचे तर शहापूर-कसाऱ्याचा टापू ओलांडावाच लागतो. म्हणजे एका टोकास उषवदाताचे एक घर व दुसऱ्या टोकास दुसरे, अशी ही वाट होती. एवढ्यावर तो थांबला नाही. तापी, दमणगंगा, डहाणूकडील नदी इत्यादी नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेविल्या व दोन्ही तीरांवर बसण्याउठण्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. नावेची वाट पाहणाऱ्या मनुष्यास तहान लागते व ऊन लागते, हे ज्याच्या ध्यानात आले, त्याने वाटसरूचे दुःख जवळून पाहिले असले पाहिजे.

त्याहून मननीय गोष्ट त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात आहे. धर्मार्थ निवारा बांधणे सोपे. तो चालविणे कठीण. भिंती एकदा उभ्या राहतात, खर्च मात्र दरसाल उभा असतो. उषवदाताने यावर असा उपाय योजिला की, आपल्या लेण्यात वर्षावासास राहणाऱ्या भिक्षूंकरिता त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेविले. पैकी २,००० एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रकमेस कोणी हात लावावयाचा नाही, व्याज तेवढे खर्चावयाचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा: २,००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षास २४० कार्षापण, आणि लेखात वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावे असे म्हटले आहे. वीस गुणिले बारा बरोबर २४०. कोठे एक कार्षापण उरत नाही की तुटत नाही. ही व्यवस्था नगराच्या सभेत ऐकवून रीतीप्रमाणे दप्तरात नोंदविली गेली. परोपकार हा मनाच्या उमाळ्याचा विषय आहे असे आपण समजतो. अठराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या गृहस्थाने तो जमाखर्चाचा विषय केला, आणि म्हणूनच तो टिकण्याजोगा केला.

उषवदाताच्या लेखात या घरांस जे नाव आहे, ते 'चतुःशाला' होय: मध्ये अंगण व चारी बाजूंस सोपे. ही रचना आमच्याकडचीच नव्हे. इराणातील व मध्य आशियातील सराया अशाच. मध्ये उंट बांधावयाचे, भोवती खोल्या. मेक्सिकोमध्ये स्पॅनिश अमलात चांदीच्या खाणींकडे जाणारी 'कामिनो रेआल', म्हणजे राजमार्ग, मेक्सिको शहरापासून उत्तरेस सांता फेपर्यंत सुमारे २,६०० किलोमीटर गेली होती. तिच्यावर खेचरांचे तांडे चालत, आणि त्या तांड्यांसाठी जी 'मेसोन' नावाची उताराघरे होती त्यांचीही घडण अशीच, मध्ये चौक व भोवती कोठड्या. आज ग्वानाह्वातोसारख्या त्या जुन्या चांदीच्या शहरांत तरुण प्रवासी जुन्या वाड्यांतून थोडक्या पैशांत उतरतात. जेथे जनावर, माल आणि मनुष्य ही तिन्ही एकत्र रात्र काढतात, तेथे माणसाची बुद्धी कोणत्याही खंडात एकाच आकारास येऊन पोहोचते, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर चित्र प्रसन्न आहे. परंतु त्याची दुसरी बाजू न दाखविणे म्हणजे इतिहास नव्हे, स्तोत्र होईल.

शेरशहा सूर याने (राज्यकाल १५४० ते १५४५) आपल्या राजमार्गांवर ज्या सराया बांधल्या, त्यांत हिंदूंची व मुसलमानांची सोय वेगवेगळी ठेविली होती असे तत्कालीन बखरकार सांगतात. पुढे अहिल्याबाई होळकरांनी (राज्यकाल १७६७ ते १७९५) देशभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधून जे पुण्य जोडिले, ते मराठी मनुष्यास सांगावयास नको. तथापि सर्वसाधारण धर्मशाळेत वाटसरूस मिळे ते छप्पर, चुलीचे तीन दगड आणि पाणी. सदावर्त असलेच तर मिळे तो शिधा. शिजविलेले अन्न नव्हे. याचे कारण दात्याचा हात आखडता होता असे नव्हे. कोणी कोणाच्या हातचे खावे याचे निर्बंध इतके कडक होते की, शंभर वाटसरूंस शंभर चुली मांडू देणे हाच त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग होता. निवारा सार्वजनिक, पण त्या निवाऱ्याखाली प्रत्येकाची जात मात्र खासगी सामानाप्रमाणे बरोबर आलेली! गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून उत्तरेस निघाले. त्यांच्या १९०७ साली छापल्या गेलेल्या प्रवासवर्णनातून दिसते की, परमुलखात स्वजातीयांचे घर हाच त्यांचा मोठा आधार होता. ज्याचे स्वजातीय गावोगाव ओसरी राखून होते, त्याचे ठीक. पण ज्यास गावाच्या सीमेतच घर नव्हते, त्याने काय करावे?

आमच्या जुन्या गावगाड्यात महार वतनदाराच्या कामांपैकी एक काम असे होते की, गावात आलेल्या सरकारी मनुष्यास वाट दाखवावी, त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवावे, व रात्री गावाची राखण करावी. म्हणजे परक्यास धर्मशाळेच्या दारापर्यंत आणून सोडणारा मनुष्य स्वतः त्या दारातून आत जाऊ शकत नसे. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा जनावरांच्या व घोंगड्यांच्या बाजाराविषयी प्रसिद्ध आहे. ज्यास कोठे ओसरी मिळत नसे, त्याचे घर म्हणजे गाडीखालची जागा आणि त्या बाजारात विकत घेतलेली घोंगडी. ती अंथरावी, पांघरावी आणि पावसात डोक्यावर घ्यावी. घोंगडी कोणाची जात विचारीत नाही, एवढा एक गुण तिच्यात धर्मशाळेहून अधिक होता.

कोणी म्हणेल, दानाने जे साधले नाही ते पैशाने साधले. आगगाडी आली, भाड्याच्या खोल्या झाल्या आणि जातीचा प्रश्न सुटला. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५५ साली वासिंदपर्यंत, १८६० साली आसनगावपर्यंत व १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत आला. घाटातील काम कठीण असल्यामुळे इगतपुरीस गाडी पोहोचावयास १ जानेवारी १८६५ उजाडली. ही चार वर्षे कसारा हे रेल्वेचे टोक होते. येथे उतरून पुढचा घाट सडकेने चढावा लागे. त्यानंतर मात्र गाडी न थांबता वर जाऊ लागली, आणि हजारो वर्षांची ती पायथ्याची रात्र एकदम नाहीशी झाली. मुक्काम आता गाडीच्या शेवटच्या स्थानकावर, शहरात, पैसे देऊन.

आणि शहरात पैसे देणाऱ्याचे काय झाले? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली अमेरिका व इंग्लंड येथील अध्ययन करून बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. तेथे एका पारशी उताराघरात दीड रुपया रोज देऊन, केवळ पारशांसाठी असलेल्या त्या जागेत पारशी नाव धारण करून त्यांस राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला व त्यांस तेथून निघावे लागले. नगरात दुसरे कोणी ठाव देईना. अखेर सार्वजनिक बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरिली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेविली आहे. भाडे ते वेळेवर देत होते. विद्या त्यांच्याजवळ त्या नगरात क्वचितच कोणाजवळ असेल इतकी होती. तेव्हा धर्मशाळेत दान अपुरे पडले तसे उताराघरात नाणेही अपुरे पडले. अडचण कोठीत नव्हती, उंबऱ्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात होती.

हा प्रश्न कायद्याने प्रथम कोठे अडविला, हे पाहण्यासारखे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहामुळे या ठरावातील पाणी सर्वांच्या स्मरणात राहिले, आणि ते योग्यच झाले. पण त्याच ओळीत 'धर्मशाळा' हा शब्द आहे, इकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. पाण्याचा घोट आणि रात्रीचा निवारा या दोन गरजा त्या ठरावाने एकत्र बसविल्या, जशा उषवदाताने आपल्या नदीतीरांवर बसविल्या होत्या. पुढे भारतीय संविधानाने हॉटेलांत व सार्वजनिक जागी धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून मज्जाव करण्यास बंदी केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे घेऊनच त्यांची दारे उघडविली.

परंतु कायद्याच्या आधी, व कायद्याहून साध्या रीतीने, हे काम एका मराठी मनुष्याने आरंभिले होते. गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) यांनी पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधविली, ती मुद्दाम ज्यांस इतरत्र ठाव नव्हता त्यांच्यासाठी. व पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी इत्यादी ठिकाणीही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. एवढ्या इमारती बांधविणारा हा पुरुष स्वतः मात्र झोपडीत राही. उषवदाताचे औदार्य राजाश्रयाचे होते. गाडगेबाबांचे लोकांनी दिलेल्या पैशाचे होते. पण त्यांच्या धर्मशाळेत एक गोष्ट अधिक होती: उंबऱ्यावरचा तो प्रश्न तेथे काढून टाकला होता.

पश्चिमेकडे याच सुमारास दुसऱ्या एका मार्गाने लोक याच ठिकाणी आले. जर्मनीतील रिचर्ड शिर्मान नावाचा शाळामास्तर १९०९ सालच्या ऑगस्ट महिन्यात आपल्या विद्यार्थ्यांसह पायी सहलीस निघाला असता वादळात सापडला. एका खेड्यातील शाळेत गवत अंथरून त्यांनी रात्र काढिली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात; मग गरीब मुलांस देश पाहता यावा म्हणून त्या रात्रीपुरत्या खुल्या का करू नयेत, असा विचार त्याच्या मनात आला. १९१२ साली आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात त्याचे कायमचे युवकनिवास सुरू झाले, आणि तेथून ही कल्पना जगभर पसरली. थोडे पैसे, सामाईक खोली, आपले अंथरूण आपण घालावे, कोणी कोणास कुलशील विचारू नये, हे तिचे नियम.

आमच्या सह्याद्रीतील भटक्या मंडळींस हे नियम कोणी शिकवावे लागले नाहीत. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा लढा ज्या माहुलीच्या आश्रयाने दिला, तो गड पाहण्यास तरुण मंडळी आसनगावास उतरून पायथ्याच्या गावी येतात. मुरबाडकडे गोरखगडावर जाणारे देहरीच्या देवळात वा गडाच्या गुहेत पडतात. देवळाची ओसरी, शाळेचा व्हरांडा, एखाद्या ठाकर कुटुंबाने झाडून दिलेले अंगण आणि पितळीतली भाकरी: आमच्या किल्ल्यांचा अभ्यास या पाहुणचारावर झालेला आहे, हे किल्ल्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी विसरू नये. तसेच मुंबईहून शिर्डीस पायी निघालेल्या पालख्या शहापूर-कसाऱ्याच्या याच सडकेने जातात, आणि वाटेवरचे लोक त्यांस पाणी, चहा, अन्न व मांडवाची छाया देतात. म्हणजे उषवदाताची वाट अजून अगदीच आटलेली नाही.

तथापि ती रुंदावते आहे असेही म्हणता येत नाही. ५ जून २०२५ रोजी मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला, आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. जो घाट चढण्यापूर्वी मनुष्य रात्रभर निजत असे, तो आता सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यांतून काही मिनिटांत ओलांडला जातो. याविषयी आम्ही खेद करीत नाही; वेळ वाचणे हे सुखच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्यास मोटार आहे त्याची रात्र वाचली. ज्यास नाही त्याची रात्र जेथल्या तेथेच आहे. डोळखांबकडच्या वा टोकावड्याकडच्या पाड्यावरून आजारी माणसास तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन आलेला आप्त, कोर्टाच्या तारखेस आलेला पक्षकार, परीक्षेसाठी आलेली मुलगी, यांची शेवटची एसटी चुकली म्हणजे त्यांनी कोठे जावे? पाण्याचे तरणतलाव असलेली विश्रामस्थळे त्यांच्यासाठी नव्हेत, आणि देवळाची ओसरी एकट्या मुलीने पत्करावी असे कोणी सुचविणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर नवीन शोधावयास नको. ते या वाटेनेच तीन वेळा दिले आहे. उषवदाताने दाखविले की निवाऱ्यास भिंतींइतकीच अक्षय ठेव हवी. गाडगेबाबांनी दाखविले की उंबऱ्यावर जात विचारू नये. शिर्मानने दाखविले की इमारती पुष्कळदा आधीच उभ्या असतात, रात्री त्यांची कुलपे तेवढी काढावयाची असतात. या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले, दहा-वीस खाटांचे, थोडक्या भाड्याचे, स्त्रियांची निराळी व निर्धास्त सोय असलेले एक घर शहापुरास आणि एक मुरबाडास असावे, एवढीच आमची सूचना आहे. ग्रामस्थ, व्यापारी आणि या डोंगरांत दर पावसाळ्यात हिंडून आनंद लुटणारी मुंबई-ठाण्याची मंडळी यांनी मनावर घेतले तर ठेवीची रक्कम जमणे अशक्य नाही. त्या घराच्या हिशेबाची वही मात्र वर्षातून एकदा गावाच्या सभेत वाचून दाखवावी. तेवढी रीत गोवर्धनकरांची होती.